कुलपातल्या सर्व्हरचा शिधा

जबलपूरच्या सदरमध्ये बाजार आणि छावणी एकमेकांना खेटून आहेत. क्रमांक घातलेल्या सरळ गल्ल्या, कापडाची आणि मिठाईची दुकानं, कॉफी हाउस, आणि थोडं पुढे गेलं की लष्करी फाटक. फाटकाशी गाडी थांबते. कुठून आली, कुणाकडे चालली, आत काय नेतेय, सगळं वहीत उतरतं आणि मगच आडवी दांडी वर जाते. पण त्याच फाटकातून रोज सकाळी दूध आत जातं, भाजी जाते, पिठाची पोती जातात. छावणी बंद आहे म्हणून आतल्या माणसांना शिधा लागत नाही, असं आजवर कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

संगणकांच्या बाबतीत मात्र नेमका हाच समज घट्ट बसलेला आहे. कारखाना, न्यायालय, बँक, वीज कंपनी यांचं अंतर्गत जाळं इंटरनेटपासून तोडलेलं असतं. त्यातले बरेचसे सर्व्हर लिनक्सवर चालतात. त्यांच्या अपडेटचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: ‘आपलं नेटवर्क बाहेरून बंद आहे, इथे कोण येतंय? चालतंय ना, मग हात लावू नका.’ हे उत्तर चुकीचं आहे आणि धोक्याचंही आहे. बंद जाळ्यातल्या सर्व्हरलाही अपडेट लागतंच. फक्त ते तिथे आपोआप पोचत नाही, त्यासाठी मुद्दाम वाट बांधावी लागते, आणि ती बांधणं हे बहुतेक संस्थांमध्ये कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

जबलपूर हे अशा फाटकाआतल्या संस्थांचंच शहर आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, खमरियाची आयुध निर्माणी १९४२ ची, व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा खमरियाचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला आणि ग्रे आयर्न फाउंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय इथलंच. साऱ्या मध्य प्रदेशातल्या विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवणारं राज्य भार प्रेषण केंद्रही इथलंच, नयागावचं. आणि सदरपासून जवळ उच्च न्यायालय.

या न्यायालयाचं मराठी मुलखाशी जुनं नातं आहे. १९३६ साली स्थापन झालेलं नागपूरचं उच्च न्यायालय १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय झालं आणि त्याचं मुख्यपीठ जबलपूरला आलं. मोहम्मद हिदायतुल्ला हे त्याचे पहिले मुख्य न्यायमूर्ती. तेव्हा दप्तर नागपूरहून आलं होतं, आता सॉफ्टवेअर पुण्याहून येतं. देशभरातल्या जिल्हा न्यायालयांत खटल्यांच्या नोंदी ठेवणारी केस इन्फर्मेशन सिस्टिम, म्हणजे सीआयएस, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातल्या मंडळींनी घडवली. खाली उबंटू लिनक्स, माहिती साठवायला पोस्टग्रेस, सगळं मुक्त सॉफ्टवेअर. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने हा रस्ता विचारपूर्वक निवडला आणि तो योग्यच आहे. परवान्यांचा खर्च वाचला, आतला कोड स्वतःला वाचता येतो, कुठल्या एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर न्यायालयाचं कामकाज अवलंबून राहिलं नाही. आज पक्षकार मोबाइलवर पुढची तारीख पाहतो, ती याच व्यवस्थेतून येते. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संगणकीकरण प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ७,२१० कोटी रुपयांची.

एवढ्या मोठ्या डोलाऱ्याच्या पायाशी असलेलं लिनक्स कोण ताजं ठेवणार, हा प्रश्न मात्र कायम तळाशीच राहतो.

लिनक्सचा एक सर्व्हर म्हणजे एकच वस्तू नसते. त्यावर काही शे, कधी हजाराच्या वर वेगवेगळी पॅकेजं असतात. कुणी फायली दाबून लहान करतं, कुणी दुरून लॉगिन करू देतं, कुणी कूटलेखन सांभाळतं. प्रत्येकाचे कर्ते वेगळे, प्रत्येकातल्या चुका वेगळ्या. चूक सापडली की डेबियन, उबंटू, रेड हॅट या लिनक्स वितरकांची माणसं ती दुरुस्त करून नवं पॅकेज आपल्या कोठारात ठेवतात. या कोठाराला सगळे रेपो म्हणतात. इंटरनेटवरचा सर्व्हर तिथून माल आणतो. उबंटूच्या सर्व्हरवर तर सुरक्षेची अपडेट्स रोज आपली आपण बसवण्याची सोय मुळातच असते. तोच सर्व्हर बंद जाळ्यात नेऊन ठेवला की तो रोज ठरल्या वेळी हाक मारतो, पलीकडून उत्तर येत नाही, लॉगमध्ये एक ओळ पडते. दुसऱ्या दिवशी आणखी एक. ती ओळ वाचणारं कुणी नसतं.

मग कधीतरी ऑडिट येतं. अमुक पॅकेज जुनं आहे, असा शेरा पडतो. सर्व्हर खोलीतला कर्मचारी आपल्या दुसऱ्या संगणकावर ते पॅकेज उतरवतो, पेन ड्राइव्हवर घेतो, आत जातो आणि बसवायची आज्ञा देतो. पडद्यावर उत्तर येतं की या पॅकेजला आणखी एक पॅकेज हवं आहे, आणि तेही अमुक आवृत्तीच्या पुढचं. तो बाहेर येतो, ते उतरवतो, परत आत जातो. आता त्या दुसऱ्याला आणखी तीन हवी असतात. त्यांतलं एक असं असतं की ते बदललं तर डेटाबेसही बदलावा लागेल. तिसऱ्या फेरीनंतर माणूस थांबतो आणि शेऱ्यापुढे लिहितो, ‘नेटवर्क बाहेरून बंद असल्याने धोका नाही.’ अशा खोल्यांत काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. यात त्या माणसाचा आळस नाही. हातात पेन ड्राइव्ह देऊन त्याला धान्याचा एकेक दाणा वाहायला लावलं आहे.

बरं, पेन ड्राइव्ह तरी निर्धोक आहे का? इराणच्या नतांझमधली युरेनियम समृद्धीची यंत्रं इंटरनेटला जोडलेली नव्हती. तिथे पोचलेला आणि २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम पेन ड्राइव्हवरूनही पसरत होता. आपल्याकडे कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाचं प्रकरण आहे. ४ सप्टेंबर २०१९ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने खबर दिली, आणि ३० ऑक्टोबरला मुंबईत मुख्यालय असलेल्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने मान्य केलं की प्रशासकीय जाळ्यातल्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात घुसखोरी झाली होती. अणुभट्टीचं जाळं वेगळं होतं आणि ते सुरक्षित राहिलं. म्हणजे जाळी वेगळी ठेवल्याचा फायदा नक्कीच झाला. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो वेगळी ठेवल्यावर हात झटकून मोकळं होण्याबद्दल.

‘इथे कोण येतंय’ या प्रश्नाचं खरं उत्तर असं की येणारा बऱ्याचदा आधीच आत असतो. २५ जानेवारी २०२२ ला क्वॉलिस या कंपनीने, जिचा मोठा कर्मचारीवर्ग पुण्यात आहे, पॉलकिट नावाच्या पॅकेजातली एक चूक जाहीर केली. तिला नाव पडलं प्वनकिट. सर्व्हरवर साधं लॉगिन असलेला कुणीही, कारकून असो, शिकाऊ असो की कंत्राटदाराने दोन दिवसांसाठी पाठवलेला मुलगा, या चुकीचा वापर करून क्षणात त्या यंत्राचा सर्वाधिकारी, म्हणजे रूट, होऊ शकत होता. पॉलकिट जवळजवळ प्रत्येक मोठ्या लिनक्समध्ये मुळातच बसवलेलं असतं, आणि ही चूक त्यात २००९ पासून होती. तिला इंटरनेट लागत नव्हतं. बाहेरचं दार कितीही जाड असलं तरी तिचा त्या दाराशी संबंधच नव्हता. तिची दुरुस्ती जाहीर झाली त्याच दिवशी मिळू लागली होती. तोडलेल्या जाळ्यांतल्या किती यंत्रांना ती मिळाली, हे आपापल्या सर्व्हरवर पॅकेजची आवृत्ती पाहून कुणालाही तपासता येईल. तपासावंच.

आणखी एक सवय मोडली पाहिजे. ‘आमचा सर्व्हर नऊशे दिवस बंद पडलेला नाही,’ हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. जाणकार त्यातून वेगळंच ऐकतो. कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवा बसवला तरी रीबूट केल्याशिवाय तो लागू होत नाही. नऊशे दिवस रीबूट नाही म्हणजे नऊशे दिवस गाभा तोच. चालू कर्नेलला पॅच मारायची सोय आहे, पण बंद जाळ्यात तीही वेगळी उभारावी लागते. इतर पॅकेजांचंही तसंच. डिस्कवर नवी फाइल आली, तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनीच वापरत राहतो. अपडेट ‘झालं’ असं रजिस्टरवर लिहिलं जातं आणि सर्व्हर मात्र जुन्याच चुकीसकट चालू राहतो.

उपाय नवा नाही, महागही नाही. जगभर तो मिरर या नावाने ओळखला जातो. एक साधा सर्व्हर, त्यात दोन-तीन टीबीची डिस्क. तो आतल्या जाळ्यात नसतो आणि पूर्ण बाहेरही नसतो, मधल्या खोलीत असतो. रात्री तो बाहेरच्या रेपोतून फक्त नवा माल उतरवून घेतो. आतले सर्व्हर बाहेर कुठेही जात नाहीत, ते या एकाच कोठाराकडे मागतात. शंभर सर्व्हरना शंभर एमबीचं अपडेट हवं असेल तर बाहेरून दहा जीबी ओढायच्या ऐवजी शंभर एमबी एकदाच येतं. डेबियन-उबंटूसाठी अ‍ॅप्ट-मिरर आणि अ‍ॅप्टली आहेत, रेड हॅटच्या घराण्यासाठी रेपोसिंक आणि फोरमन-कटेलो आहेत. सगळी मुक्त सॉफ्टवेअरं. जिथे तारेचा जोडच नको, पूर्ण एअर गॅप हवा, तिथे या मिररची डिस्कवर प्रत घेऊन ती आतल्या दुसऱ्या मिररवर उतरवायची. तेव्हाही वाहून न्यायचं असतं ते अख्खं कोठार. एकेका पॅकेजच्या मागे धावायचं नसतं, म्हणून ‘आधी हे आणा, मग ते आणा’ हा फेरा संपतो.

मग वाटेत कुणी मालात भेसळ केली तर? यासाठी रेपोची रचना विलक्षण विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक पॅकेजचा ठसा एका यादीत असतो आणि त्या यादीवर वितरकाची डिजिटल सही असते. आतला सर्व्हर सही पडताळतो, मग ठसा पडताळतो, मगच पॅकेज उघडतो. मिररच्या डिस्कवर कुणी एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. डेबियनच्या सुरक्षा यादीवर तर मुदतही घातलेली असते, थोड्या दिवसांची. कुणी मुद्दाम जुनी, भोकं असलेली यादी पुढे केली तर सर्व्हर ती शिळी म्हणून परत करतो. याचा दुसरा अर्थ असा की मिरर वेळच्या वेळी भरला नाही तर आतले सर्व्हर स्वतःच तक्रार करू लागतात. फार चांगली गोष्ट आहे ही. अनेक ठिकाणी ही तक्रार बंद करण्यासाठी मुदतीची तपासणीच काढून टाकतात, कधीकधी सहीचीसुद्धा. तसं करणं म्हणजे फाटकावरच्या शिपायाला सुट्टी देणं आहे.

या सगळ्यात घड्याळाचंही काम असतं. बंद जाळ्यातलं घड्याळ हळूहळू सरकतं. ते मागे पडलं की आजची यादी सर्व्हरला ‘उद्याची’ वाटते आणि तो ती नाकारतो. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सगळ्या यंत्रणांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवायला सांगितलं, लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले, आणि सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितलं. घड्याळाचा मुद्दा तेव्हा अनेकांना किरकोळ वाटला. ज्यांनी बंद जाळं सांभाळलं आहे त्यांना तो किरकोळ वाटला नसेल.

आता उलट बाजू. अपडेटच विषारी निघालं तर? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा नवी मुंबईजवळच आहे. २७ जून २०१७ ला न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचं काम अचानक ठप्प झालं आणि कंटेनर अडकून पडले. कारण होतं नॉटपेट्या. हा घातक प्रोग्राम युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आत शिरला होता. तिथून तो मर्स्क या डॅनिश कंपनीच्या जाळ्यात पोचला आणि त्या जाळ्यातून जगभरच्या तिच्या बंदरांत, न्हावा-शेव्यापर्यंत. मर्स्कला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. हे सगळे विंडोजचे संगणक होते, पण धडा सर्वांना सारखाच लागू आहे. नॉटपेट्या कंपन्यांच्या आतल्या जाळ्यांत ज्या वाटांनी पसरला, त्यातली एक वाट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच पॅच देऊन बुजवली होती. म्हणजे तो आत आला एका अपडेटमधून, आणि आत आल्यावर मोकाट सुटला त्याला दुसरं एक अपडेट न केल्याचाही हातभार लागला. दोन्ही चुका एकाच दिवशी भोवल्या.

लिनक्सच्या जगात असाच घात थोडक्यात टळला तो मार्च २०२४ मध्ये. एक्सझेड नावाचं फायली दाबणारं छोटंसं पॅकेज आहे. त्याच्या मूळ कर्त्याचा विश्वास दोन वर्षांहून जास्त काळ खपून कमावलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. आन्द्रेस फ्रॉइंड यांना आपल्या यंत्रावर दुरून लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. एवढ्यावरून माग काढत त्यांनी २९ मार्चला ते जगासमोर आणलं. हे फ्रॉइंड पोस्टग्रेसचे विकसक. आपल्या न्यायालयांचे खटले ज्या डेटाबेसमध्ये आहेत, त्याच डेटाबेसच्या माणसाने सगळ्यांना वाचवलं. तो बिघडलेला माल डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या आगामी आवृत्तीत पोचला होता, स्थिर आवृत्त्यांत नाही. ज्यांचे सर्व्हर स्थिर आवृत्तीवर होते त्यांना काहीही झालं नाही. आणखी एक उदाहरण प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. १ जुलै २०२४ ला क्वॉलिसनेच दुरून लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचमधली एक गंभीर चूक जाहीर केली. ती २००६ साली दुरुस्त झाली होती आणि ऑक्टोबर २०२० मधल्या एका बदलात पुन्हा शिरली. मधल्या काळातल्या जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना तिचा धोका नव्हता.

तेव्हा ‘आलं की लगेच बसवा’ हा सल्ला जसाच्या तसा देता येत नाही. पण त्यातून ‘म्हणून बसवूच नका’ हे निघत नाही. इथेच मिररचा दुसरा आणि मोठा उपयोग आहे. आज उतरवलेल्या मालाची आजच्या तारखेची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, गोठवून ठेवता येते. ती आधी टेस्ट सर्व्हरवर लावायची. तिथे सीआयएससारखं नेहमीचं काम करून पाहायचं: एक खटला दाखल करा, तारीख द्या, आदेशाची प्रत छापा. चार दिवस नीट चाललं तर कमी महत्त्वाच्या दोन सर्व्हरवर, मग उरलेल्यांवर. काही बिघडलं तर आधीच्या तारखेची प्रत आहेच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरातले ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. ती फाइल सगळीकडे एकदम गेली होती. टप्प्याटप्प्याने गेली असती तर पहिल्या काही यंत्रांवरच बिघाड दिसला असता.

थांबायचं तर किती? गंभीर सुरक्षा अपडेट आठवड्याच्या आत, प्रत्यक्ष हल्ले सुरू झाले असतील तर दोन दिवसांत, बाकी सगळं महिन्यातून एकदा. यापेक्षा जास्त थांबण्याचं समर्थन होऊ शकत नाही. उशिराची किंमत पाहा: ३१ जुलै २०२४ च्या सुमारास देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले, कारण त्यांना तंत्रसेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला तिचा संबंध तात्पुरता तोडावा लागला. सहकारी बँका आणि ग्रामीण बँका, म्हणजे गावातल्या पेन्शनरांच्या आणि दूधवाल्यांच्या बँका. क्लाउडसेक या बेंगळुरूच्या कंपनीने केलेल्या विश्लेषणानुसार या साखळीची सुरुवात एका भागीदार कंपनीच्या, जेनकिन्स हे स्वयंचलनाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या नीट न बांधलेल्या सर्व्हरपासून झाली, आणि जेनकिन्समधली जी चूक त्यांनी दाखवली तिची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये उपलब्ध झाली होती. जानेवारी ते जुलै. सहा महिने कोठारात माल पडून होता.

विजेच्या क्षेत्रात निदान कागदावर विचार झालेला आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. त्यामागे घातपात होता की मानवी चूक, यावर राज्य आणि केंद्र यांच्यात पुढे मतभेद राहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. यंत्रं चालवणारं जाळं इंटरनेटपासून पूर्ण तोडा. इंटरनेटचा संगणक हवाच असेल तर तो स्वतंत्र खोलीत, माहिती सुरक्षा अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवा. त्यातून काही आणायचं-न्यायचं तर नोंदवलेल्या, मंजूर साधनावरूनच, तेही तपासून, आणि त्याचे लॉग किमान सहा महिने ठेवा. नयागावच्या भार प्रेषण केंद्राला आणि महाराष्ट्राच्या कळव्याच्या केंद्राला हेच लागू. वाचलं की सदरच्या फाटकावरची वही आठवते. पण वही ठेवली म्हणजे शिधा पोचला असं होत नाही. त्या स्वतंत्र खोलीत दर आठवड्याला ठरल्या वारी कुणीतरी जायला हवं, आणि त्या माणसाच्या नेमणूकपत्रात ते लिहिलेलं हवं.

माणूस हाच खरा अडसर आहे. सरकारी निविदेत सर्व्हर येतो, यूपीएस येतो, तीन किंवा पाच वर्षांचा देखभाल करार येतो. डिस्क जळली तर चोवीस तासांत बदलून मिळेल, असं त्यात लिहिलेलं असतं. पॅकेज शिळं झालं तर काय, हे लिहिलेलं नसतं. न्यायालयांतले सिस्टिम ऑफिसर, सिस्टिम असिस्टंट दिवसभर प्रिंटर, स्कॅनर आणि व्हिडिओ सुनावणीच्या मागे धावत असतात. रविवारी रात्री सर्व्हर दोन तास बंद ठेवायचा अधिकार त्यांना कुणी लेखी दिलेला नसतो. सोमवारी काही बिघडलं तर जाब मात्र त्यांनाच. अशा स्थितीत कुठलाही शहाणा माणूस हात लावणार नाही. त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. अपडेटमुळे झालेला बिघाड आणि अपडेट न केल्यामुळे झालेला बिघाड यांचा जाब जोवर सारख्याच कडकपणे विचारला जात नाही, तोवर चालतंय ते चालूच ठेवलं जाणार.

कुणीच जबाबदार नसलं की काय होतं, यासाठी सेंटओएसची गोष्ट आठवावी. रेड हॅटचाच कोड, पण फुकट, म्हणून आपल्याकडे असंख्य कार्यालयांनी आणि महाविद्यालयांनी तो घेतला. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ ची साथ २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीलाच संपेल. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या मिरर-यादीचा पत्ता बंद झाला. ज्यांनी दहा वर्षं काही पाहिलं नव्हतं त्यांनी त्या आठवड्यात एखादं पॅकेज बसवायला घेतलं, तर पडद्यावर एवढंच दिसलं की असा पत्ता सापडत नाही. हाच प्रश्न नव्या व्यवस्थेलाही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बातमी आली की संरक्षण मंत्रालय इंटरनेटला जोडलेल्या आपल्या संगणकांवर विंडोजच्या जागी उबंटूवर आधारलेली ‘माया’ ही कार्यप्रणाली बसवणार आहे. बातमी आनंदाची होती. आपली व्यवस्था आपण बांधावी, यासारखं दुसरं काही नाही. पण मायाची पॅकेजं कोण तपासणार, कुठून वाटणार, आणि एखाद्या दूरच्या डेपोतल्या यंत्रापर्यंत ती किती दिवसांत पोचणार, याची बातमी व्हायला हवी होती.

न्यायालयांपुरतं बोलायचं तर प्रत्येक जिल्ह्याने आपला मिरर उभारायची गरज नाही. जवळपास ३ हजार न्यायालय संकुलं एका विस्तृत जाळ्याने जोडलेली आहेत. प्रत्येक उच्च न्यायालयाने एक मिरर ठेवला, पुण्यातल्या सीआयएसच्या मंडळींनी दर महिन्याला ‘या तारखेच्या स्नॅपशॉटवर आमचं सॉफ्टवेअर तपासलं आहे’ एवढं एक ओळीचं प्रमाणपत्र दिलं, आणि महिन्यातला एक रविवार सर्व्हरच्या देखभालीसाठी लेखी राखून ठेवला, तर काम होतं. जबलपूरहून बालाघाट, मंडला, छिंदवाडा, बैतूल अशी वाट आखायला नवं काही शोधायचं नाही. वेगळा पैसाही फारसा लागणार नाही, कारण ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याची रक्कम मंजूर आहे.

मोठ्या बदलांसाठी उन्हाळी सुट्टी आहेच. उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं तिला फुकट साथ मिळते. २०.०४ ची ती मुदत मे २०२५ मध्ये संपली. २२.०४ ची २०२७ मध्ये संपेल. तिच्या आधीच्या सुट्टीत, कोर्टाचे बाक रिकामे असताना, एका जिल्ह्याच्या डेटाबेसची प्रत घेऊन टेस्ट सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवता येईल. पोस्टग्रेसची उडी कुठे अडते, छपाई कुठे फसते, देवनागरी अक्षरं कुठे तुटतात, हे तेव्हाच कळेल, आणि पुण्याला ते कळवून दुरुस्ती मागवायला पुरेसे दिवस हातात असतील.